स्लॅबच्या दिवसासाठी गाडी घेऊ नका

वाचकाचं पत्र:

"माझं वय ३४. सिव्हिल डिप्लोमा झाल्यावर चार वर्षं दुसऱ्याकडे साईट सुपरवायझर होतो. गेली सहा वर्षं स्वतःची छोटी कामं घेतो. घरबांधणी, कंपाउंड, दुरुस्ती, वॉटरप्रूफिंग, ग्रामपंचायतीची एखादी गटार नाहीतर शाळाखोली. दोन मिस्त्री आणि सहा बिगारी कायमचे. कामं कराड शहर, मलकापूर, उंब्रज आणि इकडे ढेबेवाडी खोऱ्यापर्यंत. स्वतःची गाडी नाही. टेम्पोभाड्याला महिन्याला सरासरी २१ हजार जातात, माणसांच्या वडापचे (शेअर जीपचे) आठ हजार वेगळे. हिशेब बायको वहीत ठेवते, हे आकडे तिच्याच वहीतले. आठवड्यातून दोनदा तरी टेम्पोवाला वेळेवर येत नाही आणि माणसं आठपासून साडेनऊपर्यंत बसून राहतात.

आता तीन गाड्या समोर आहेत. नवा छोटा हत्ती (टाटा एस), नवी १.७ टनी पिकअप, किंवा आठ वर्षं वापरलेला टाटा ४०७ टेम्पो, तो सव्वाचार लाखाला मिळतोय. मेहुणे म्हणतात, घ्यायचीच तर मोठी घे, वाळू-खडी आणता येईल आणि रिकाम्या दिवशी भाडी मारता येतील. बायको म्हणते, घाई नको. एक मिस्त्री गाडी चालवतो, पण त्याचं लायसन्स साध्या चारचाकीचं आहे. जीएसटी नंबर दोन वर्षांपूर्वी काढला, रिटर्न नियमित भरतो. काय करू?"

– कराड तालुक्यातील एक वाचक

नमस्कार.

तुमचं पत्र वाचल्यावर पहिलं मनात आलं ते तुमच्या घरातल्या वहीबद्दल. मी स्वतः अठ्ठावीस वर्षं सातारा जिल्ह्यात बांधकामाची छोटी कंत्राटं घेतली, पण टेम्पोभाडं किती आणि वडापचे किती हे वेगवेगळं लिहून ठेवायची बुद्धी मला फार उशिरा झाली. तुम्हाला ते आकडे तोंडपाठ आहेत. म्हणजे निम्मं उत्तर तुमच्याच घरात आहे, फक्त ती वही आणखी थोडी खोलात वाचायची आहे.

आधी मेहुण्यांच्या सल्ल्याकडे वळतो, कारण तो सल्ला मलाही कधीकाळी मिळाला होता आणि मी तो ऐकला होता. ४०७ चांगली गाडी, १९८६ पासून रस्त्यावर आहे, कुठल्याही गावातला मेकॅनिक ती डोळे झाकून खोलतो. पण "वाळू-खडी आणता येईल" हे काही खरं नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि एक ब्रास वाळूचं वजन चार-साडेचार टन भरतं. ४०७ चं पासिंग, म्हणजे कायद्याने वाहता येणारा माल, सव्वादोन-अडीच टनांचं. म्हणजे कायद्यात राहून ती अर्धा ब्रास आणणार. वाळू-खडीचा धंदा डंपरचा आहे, नाहीतर ट्रॅक्टरचा. सप्लायर साईटवर पोहोच देतो, तोच भाव परवडतो. शिवाय गौण खनिजाची वाहतूक पासशिवाय करता येत नाही. पास नसलेली वाळू हौद्यात सापडली तर गाडी तहसील कार्यालयाच्या आवारात उभी राहते आणि ती सुटेपर्यंत तुमची साईट बंद.

सळईचंही तेच. गज येतो १२ मीटर लांबीचा. ४०७ घेतली तरी हौदा दहा फुटांचा, म्हणजे गज मधोमध वाकवून आणायचा. दुकानदार लोखंड स्वतःच्या गाडीतून टाकतो, ते तसंच चालू द्या. विटा भट्टीवाला पोहोचवतो. मग या सगळ्यांतून तुमच्या गाडीला उरतं काय?

हाच प्रश्न तुम्ही गाडीच्या शोरूममध्ये जाण्याआधी स्वतःला विचारायचा. तुमच्यासारख्या कंत्राटदाराचा साधा दिवस मला माहीत आहे. सकाळी दुकानातून आठ-दहा पोती सिमेंट, कधी वॉटरप्रूफिंगचे डबे, पाईप आणि फिटिंगची गोणी. घमेली, फावडी, पाट्या, लेव्हल ट्यूब, ब्रेकर मशीन, व्हायब्रेटर. एखाद्या दिवशी टाईलची खोकी. आणि या सगळ्याबरोबर चार-पाच माणसं. सिमेंटचं पोतं ५० किलोचं, दहा पोती म्हणजे अर्धा टन. बाकी सामान धरलं तरी माल सहाशे ते नऊशे किलोंच्या वर जात नाही. महिन्यातून एक-दोनदा स्लॅब असतो. त्या दिवशी मात्र सेंटरिंगच्या प्लेटा, टेकू, फळ्या आणि मिक्सर असं सगळं एकदम हलवायचं असतं.

माणसं गाडी घेतात ती त्या स्लॅबच्या दिवसाकडे बघून, आणि उरलेले अठ्ठावीस दिवस तिचा हप्ता भरत बसतात. स्लॅबच्या दिवसाचा हिशेबही करून बघा. तीन बाय दोनची लोखंडी प्लेट साधारण १३ किलोची. तुमची वजनकाट्यावर टाकून बघा, गेजप्रमाणे, म्हणजे पत्र्याच्या जाडीप्रमाणे, फरक पडेल. १२० प्लेटा म्हणजे दीड टनाच्या वर, टेकू आणि फळ्या अजून बाकीच आहेत. म्हणजे १.७ टनी पिकअपलाही ते एका खेपेत जमत नाही. त्या दिवशी चौदा फुटी आयशर भाड्याने बोलवायची, एका खेपेत काम संपवायचं आणि तिचे पैसे आनंदाने द्यायचे. वर्षातून वीस दिवसांच्या भाड्यासाठी बारा महिने मोठी गाडी पोसू नये.

त्या जुन्या ४०७ बद्दल अजून एक. आठ वर्षं झालेल्या मालवाहू गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी घ्यावं लागतं. त्याआधी ते दर दोन वर्षांनी असतं. आपल्या राज्यात आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला पर्यावरण कर पडतो. तिचं एकूण भारित वजन, ज्याला आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, जीव्हीडब्ल्यू म्हणतात, ते ३,००० किलोंच्या वर असल्यामुळे परमिटही लागतं. सव्वाचार लाखात गाडी येईल, पण तिच्या मागे कागदांची अख्खी वरात येईल. आणि कराडच्या जुन्या पेठांतल्या बोळात किंवा ढेबेवाडी खोऱ्यातल्या वस्तीच्या वाटेवर ती वळवायची म्हणजे दर वेळी दोन माणसं उतरून "येऊ दे, येऊ दे" करत मागे उभी.

आता छोटा हत्ती. २००५ मध्ये ही गाडी आली आणि बोळातल्या कामांची मोठी सोय झाली, यात शंका नाही. दीड मीटर रुंदीची गाडी सोमवार पेठेतसुद्धा आरामात शिरते. पण तिचं पासिंग पाऊण टनाच्या आसपास, म्हणजे १५ पोती. आणि मला पक्कं ठाऊक आहे की तुमचा भाड्याचा टेम्पोवाला तिच्यात ३० पोती भरतो. सगळेच भरतात. मग तुम्हीही तेच कराल, कारण "एवढी तर ओढते की." ओढते हो, पण थांबायचं काय? दुप्पट वजन घेऊन डोंगरावरून उतरताना ब्रेक लाल होतात, मग पायाखाली पेडल नरम पडत जातं, आणि समोर वळण असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २० हजार रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार असा दंड आहे. पण मी दंडाच्या भीतीने हे सांगत नाही. उतारावर जे होतं त्याची मला जास्त भीती वाटते.

छोट्या हत्तीची दुसरी अडचण माणसांची. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि शेजारी एक. बाकीचे चौघे कुठे बसणार? हौद्यात, पोत्यांवर.

इथे मला जरा थांबून माझीच गोष्ट सांगायची आहे. २००९ चा पावसाळा होता. एका खेड्यात स्लॅब भरायचा होता, आकाश भरून आलेलं, आणि मी घाईत. माझ्या टेम्पोत प्लेटा रचल्या, वर टेकू टाकले, त्यावर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर सहा माणसं बसली. मीच म्हणालो होतो, "बसा रे, दहा मिनिटांचा रस्ता आहे." गावाच्या अलीकडे ओढ्याच्या वळणावर चाक कडेच्या चिखलात उतरलं. टेम्पो उलटला नाही, नुसता कलला. पण प्लेटा सरकल्या. ओल्या लोखंडावर लोखंड घासल्याचा तो आवाज अजून कानात आहे. पाच जणांनी उड्या टाकल्या. सहाव्याला प्लेटांनी खाली ओढलं आणि त्याची मांडी मोडली. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा, घरी तीन वर्षांची मुलगी.

विमा कंपनीने हात वर केले. मालवाहू गाडी, आरसीवर आसनं दोन, हौद्यात बसलेला माणूस आमच्या पॉलिसीत बसत नाही, असं लेखी उत्तर आलं. दवाखान्याचा खर्च मी केला, सात महिने त्याची हजेरी घरपोच दिली. ते देणं माझं कर्तव्यच होतं, त्यात उपकार काही नव्हते. पण तो आता जिना चढताना एक पाय आधी टाकतो आणि दुसरा मागून ओढतो. मी भरलेल्या कुठल्याही रकमेने ते बदललेलं नाही.

मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्येच सांगितलं आहे. पगारी कामगारांसाठी पॉलिसीत वेगळी तरतूद असते, पण त्यासाठी किती माणसं धरली आहेत आणि त्यांचा हप्ता घेतला आहे का, हे एजंटच्या तोंडी शब्दावर सोडू नका. पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा. आणि हौद्यात माणूस बसवायचा नाही म्हणजे नाही. पाऊस असो, उशीर असो, रस्ता दहा मिनिटांचा असो.

म्हणून तुमच्या तीन पर्यायांत मी चौथा घालतो: डबल केबिनची पिकअप. बोलेरो कॅम्परसारखी. पुढे-मागे मिळून पाच माणसं केबिनमध्ये बसतात, मागे हौदा, आणि पासिंग एक टनाचं. तुमच्या साध्या दिवसाचं वजन आणि तुमची माणसं दोन्ही त्यात बसतात. पत्रात ती नव्हती, कारण मालवाहू गाडी म्हटलं की सगळे पहिल्यांदा हौद्याची लांबी बघतात. शोरूमवालाही तीच दाखवतो.

हौदा आखूड असतो, हे मी लपवणार नाही. आठ बाय चारचं प्लायवूड आडवं पडत नाही. प्लाय तिरकं उभं करून दोराने आवळावं लागतं, नाहीतर दुकानदाराकडून पोहोच घ्यावं लागतं. खरं तर छोट्या हत्तीतही ते पुरतं मावत नाही, सात फुटांच्या हौद्यात आठ फुटी प्लाय टाकलं की मागचा फाळका लागत नाहीच. दहा फुटी पाईपसाठी केबिनच्या वरून जाणारी लोखंडी जाळी फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या, तीन मीटर पाईप गाडीच्या लांबीत सहज बसतो. वीस फुटी पाईप मात्र त्यावर टाकू नका, तो पुढे-मागे बाहेर येतो, आणि गाडीच्या बाहेर लोंबणाऱ्या मालालाही त्याच कलमात २० हजारांचा दंड आहे. तो दुकानातूनच पोहोच मागवा.

१.७ टनी पिकअप वाईट नाही. हौदा मोठा, ताकद भरपूर. तुम्ही फरशीवाले असता, किंवा सेंटरिंग भाड्याने देणारे असता, तर मी तीच घ्या म्हणालो असतो. पण तिचं जीव्हीडब्ल्यू ३,००० च्या वर जातं, म्हणजे परमिट आलं. आणि माणसांचा प्रश्न आहे तिथेच राहतो, उलट मोठा हौदा बघून आणखी दोघे चढतात. डबल केबिनची गाडी घेताना मात्र जीव्हीडब्ल्यू ३,००० च्या आत आहे ना, हे माहितीपत्रकावर नव्हे, आरसीवर लिहून येणाऱ्या आकड्यावरून विचारून घ्या. तेवढ्यात असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही.

आता पैशाचं बोलू. तुमच्या वहीवरून मी ढोबळ गणित मांडतो, तुम्ही खऱ्या कोटेशनवर पुन्हा मांडा. समजा गाडी शोरूम किमतीला दहा लाखांची, आणि तुम्ही आठ लाख कर्ज पाच वर्षांसाठी दहा टक्क्यांनी घेतलं. हप्ता १७ हजारांच्या आसपास येतो. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात आणि लिटरला बारा मिळाले, तर डिझेल पावणेआठ हजारांचं. विमा, कर वगैरे मासिक साडेतीन हजार धरा. सर्व्हिसिंग आणि टायरसाठी दोन हजार बाजूला काढा. तीस हजारांच्या थोडं वर.

यातून वाचणार काय? २१ हजारांपैकी सहा हजार स्लॅबच्या दिवसाच्या भाड्याला राहतीलच. पंधरा वाचले. आठही माणसं गाडीत मावणार नाहीत, गाडी चालवणारा मिस्त्री आणि आणखी चौघे असे पाच जण गेले तर वडापचे पाच हजार वाचतील. झाले वीस. म्हणजे वरवर पाहता महिन्याला दहा हजारांचा खड्डा आहे, आणि घाई नको म्हणणाऱ्या तुमच्या पत्नीचं शंभर टक्के बरोबर आहे.

पण वहीत एक रकाना नाही. आठवड्यातून दोनदा माणसं दीड तास बसून राहतात असं तुम्हीच लिहिलंय. मिस्त्रीची हजेरी नऊशे आणि बिगाऱ्याची सहाशे धरली, तर तुमच्या आठ जणांचा दिवस ५,४०० चा. आठ तासांनी भागलं की तासाला ६७५. दीड तास गेला म्हणजे हजार रुपये गेले. महिन्यातून आठ-नऊ वेळा म्हणजे साडेआठ हजार, आणि त्याची पावती कुणी देत नाही, म्हणून ते वहीत येत नाहीत. टेम्पोवाल्याचं खरं भाडं २१ नाही, साडेएकोणतीस हजार आहे.

दुसरी गोष्ट जीएसटीची. तुम्ही नियमित करदाते आहात, आणि खरेदीवर भरलेल्या जीएसटीची जी क्रेडिट माणसांच्या मोटारींना मिळत नाही ती मालवाहू गाडीला मिळते. मालवाहू गाड्यांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दहा लाखांच्या शोरूम किमतीत सुमारे दीड लाख रुपये जीएसटीचे असतात. गाडी फर्मच्या नावाने, जीएसटी नंबर घालून बिल करून घेतलंत, तर ते दीड लाख तुमच्या पुढच्या बिलांच्या करातून वळते होतात. पाच वर्षांवर पसरले तर महिन्याला अडीच हजार. मात्र जीएसटी नंबर न घालता बिल नुसतं स्वतःच्या नावाने झालं की ही रक्कम गेलीच. क्रेडिट घेतलेल्या कराच्या रकमेवर घसारा मिळत नाही, तेवढं सीएला आठवण करून द्या. डबल केबिनची गाडी आरसीवर मालवाहू म्हणूनच नोंदली जाते ना, तेही बुकिंगआधीच त्यांना कागद दाखवून विचारा. तुम्ही जीएसटीत नसता किंवा कंपोझिशनमध्ये (ठोक दराने कर भरायच्या, क्रेडिट नसलेल्या योजनेत) असता, तर मी नवी गाडी घ्या असं म्हणालो नसतो, तीन-चार वर्षं वापरलेली शोधा म्हणालो असतो.

हे सगळं धरलं की पहिली पाच वर्षं जमाखर्च जेमतेम तोंडाला तोंड लागतो. त्यानंतर हप्ता संपतो आणि गाडी तुमची राहते. मी याहून गोड चित्र रंगवणार नाही. आणि हे गणित एका अटीवर उभं आहे: पगारी ड्रायव्हर ठेवायचा नाही. पंधरा हजारांचा ड्रायव्हर आला की ते कोसळतं.

म्हणून तुमच्या मिस्त्रीचं लायसन्स महत्त्वाचं. इथे बातमी चांगली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे एलएमव्हीचं लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलो जीव्हीडब्ल्यूच्या आतली मालवाहू गाडी चालवू शकतो. वेगळा शेरा किंवा बॅज लागत नाही. मिस्त्रीला गाडी द्या, आणि त्याच्या हजेरीत शंभर रुपये वाढवून द्या. माल उतरवून घेणं, गाडी धुणं, हवा बघणं हे काम आहे, आणि कामाचा मोबदला द्यावा. सिमेंटची गाडी रोज संध्याकाळी हौद्यातून धुतली नाही तर दोन पावसाळ्यांत तळ कुजतो. जो माणूस ती धुतो तो तुमचे हजारो रुपये वाचवतो.

भाडी मारायच्या मोहात पडू नका. विम्यात मालवाहू गाडीचे दोन प्रकार आहेत, फक्त स्वतःचा माल वाहणारी खासगी आणि लोकांचा माल भाड्याने वाहणारी सार्वजनिक. २०२२ च्या दरपत्रकात साडेसात टनांच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता सार्वजनिकला १६,०४९ रुपये आणि खासगीला ८,५१० रुपये होता. स्वस्तातला विमा काढून भाड्याचा माल भरला आणि काही घडलं, तर पुन्हा माझ्यासारखं ते लेखी उत्तर हातात पडेल. आणि रविवारी कुणाच्या तरी लग्नाची भांडी वाहून आलेली गाडी सोमवारी आठ वाजता साईटवर नसते. ज्या रोगासाठी गाडी घेतली तोच रोग परत.

डिझेल की सीएनजी, असं मला बरेच जण विचारतात. तुमचं फिरणं खोऱ्यातलं आणि चढाचं आहे, डिझेलच ठेवा. सीएनजीची टाकी पासिंगातलं वजन खाते आणि तिची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. फक्त एवढं लक्षात असू द्या की आताच्या बीएस ६ डिझेल गाड्यांपैकी अनेकांच्या धुराड्यात काजळी धरणारा फिल्टर असतो. गाडी दिवसभर कराड-मलकापूर अशी दोन-तीन किलोमीटरच पळवली तर तो तुंबतो आणि दिवा लागतो. आठवड्यातून एकदा उंब्रजच्या साईटला महामार्गावरून एका वेगात अर्धा तास नेली की काजळी जळून जाते. तुमच्या कामाच्या गावांमुळे ते आपोआप होईल.

समजा नव्या गाडीचा हप्ता तुम्हाला झेपत नसेल आणि वापरलेली डबल केबिन बघायची वेळ आली, तर सकाळी लवकर जा, मालकाला न कळवता. बॉनेटवर हात ठेवा. इंजिन थंड असताना सुरू होताना बघायचं असतं, आधीच तापवून ठेवलेली गाडी काही सांगत नाही. मग खाली वाका आणि मागच्या कमानीचे पाटे मोजा. कंपनीपेक्षा एखादा पाटा जास्त बसवलेला दिसला, तर ती गाडी आयुष्यभर जादा वजनाखाली राबली आहे, परत फिरा. हौद्याच्या तळावर हातोडीने टकटक करा. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, सिमेंटच्या थराखाली कुजलेल्या पत्र्याचा बद्द. घाटाखालून, कोकणातून आलेली मासळीची गाडी असेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका, बर्फाच्या खाऱ्या पाण्याने चेसिस आतून खाल्लेली असते. शेवटी गाडी सरळ रस्त्यावर चालवायला सांगून मोटारसायकलवरून तिच्या मागे जा. मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत धावत नसतील, गाडी खेकड्यासारखी तिरकी पळत असेल, तर चेसिसने कधीतरी मार खाल्लेला आहे. कागदांत बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, हस्तांतराचे २९ आणि ३०, आणि थकलेली ई-चलनं, एवढं बघितल्याशिवाय रुपयाही देऊ नका.

पण मला वाटतं तुम्ही नवीच घ्यावी. त्याआधी एक महिना थांबा. पत्नीला वहीत तीन रकाने वाढवायला सांगा: त्या दिवशी माल किती किलो होता, माणसं किती गेली, आणि टेम्पोची वाट किती मिनिटं पाहिली. किलो अंदाजाने नको, पोती मोजून. तीस दिवसांत वीस दिवस माल एक टनाच्या आत आणि माणसं चारच्या वर निघाली, तर माझं म्हणणं तुमच्या वहीने मान्य केलं असं समजा. माल रोज दीड टनावर जात असेल, तर मी चुकलो, १.७ टनी पिकअप घ्या आणि माणसांसाठी वडाप चालू ठेवा.

आणि टोकन देण्याआधी शोरूममधली ट्रायल हायवेवर रिकामी घेऊ नका. दहा पोती सिमेंट टाका, चौघे माणसं केबिनमध्ये बसवा, मिस्त्रीला स्टिअरिंगवर बसवा आणि ढेबेवाडीकडच्या तुमच्या सर्वांत चढाच्या साईटवर गाडी न्यायला सांगा. चढाच्या मध्यावर थांबवा. हँडब्रेक ओढा, पाय काढा, गाडी जागची हलत नाही ना बघा. मग तिथूनच पहिल्या गिअरवर उचलायला सांगा, आणि येताना त्याच उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला जेमतेम पाय लावत खाली आणायला सांगा. खाली आल्यावर मिस्त्रीला विचारा, गाडी कशी वाटली. रोज तीच त्याच्या हातात असणार आहे.